बेटावर सोडलेलं गाव

रजनीताई गेल्याचं मला एर्लांगेनच्या एका बसथांब्यावर कळलं. हातात भाजीची पिशवी, थंडीने बोटं गारठलेली, आणि फोनवर मिलिंदचं नाव. रजनीताईंचा हा मुलगा हांबुर्गला असतो आणि मला कधी आपणहून फोन करत नाही, त्यामुळे नाव बघूनच मी पिशवी खाली ठेवली. ''तान्ते मेधा,'' म्हणजे मेधामावशी, एवढं म्हणून तो थांबला, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये सांगत गेला. शेजारणीने बेल वाजवली, दार उघडलं नाही, म्हणून तिने इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला बोलावलं. रजनीताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं असणार, आदल्या दिवशीच. मी मराठीत विचारत होते, तो जर्मनमध्ये उत्तर देत होता... बस आली, ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं, मी चढत नाही म्हटल्यावर निघून गेला.

त्याला आता दीडेक महिना झाला. लोक भेटतात, जवळची मैत्रीण गेली म्हणून हळहळतात, आणि मी मान हलवते. खरं सांगायचं तर मला अजून धड रडू आलेलं नाही. मला राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण रजनीताईंवर मी त्या जिवंत असतानाच रागावलेली होते, चांगली पाच वर्षं, आणि त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. त्या गेल्या म्हणून तो राग कुठे नेऊन टाकू?

आम्ही दोघी एकाच कंपनीत होतो. शरीराच्या आतली चित्रं काढणारी मोठी यंत्रं तिथे बनतात. मी त्या यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत लिहिते, आणि रजनीताई यंत्रातून येणारं चित्र पुरेसं स्वच्छ आहे की नाही ते तपासायच्या. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या, नागपूरच्या, बौद्ध घरातल्या. मी पुण्याची, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत उपाशी राहणाऱ्या घरातली. भारतात असतो तर आमची गाठ पडली नसती, पडली असती तरी नमस्कारापुढे गेली नसती. इथे मात्र कॅन्टीनमध्ये पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यात डोकावून, ''काय खाऊन राहिली? आजारी आहेस का?'' असं विचारलं आणि आपल्या डब्यातलं झणझणीत वांगं माझ्या भातावर ओतलं. तेव्हापासून मला तिखट सोसतं.

त्यांचे यजमान अशोकराव नागपूरला गणिताचे शिक्षक होते. बायकोला जर्मनीत नोकरी लागली म्हणून नोकरी सोडून मागे आले, आणि याचं त्यांना कधी ओझं वाटल्याचं मी पाहिलं नाही. घर ते सांभाळायचे, स्वयंपाक तेच करायचे. माणूस मोठा तत्त्वाचा. तरुणपणी गावोगाव फिरून त्यांनी भाषणं केली होती, की नवस करू नका, अंगारे-धुपारे करू नका, बुद्धाकडे काही मागायचं नसतं, कारण तो देणारा नाहीच. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा गणपती एका चर्चच्या हॉलमध्ये बसायचा, त्याला दोघं दरवर्षी यायची. आरती सुरू झाली की रजनीताई मागच्या स्वयंपाकघरात जाऊन पानं वाढायला घ्यायच्या आणि अशोकराव बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचे. एकदोन बायकांनी नाकं मुरडली. जेवायला बसल्यावर मात्र सगळ्यात जास्त मोदक अशोकरावच खायचे, आणि मी टोमणा मारला की म्हणायचे, ''मोदकाने काय घोडं मारलंय, मेधाताई?''

या दोघांचं एकच वेड होतं. परत जायचं. नागपूरला त्यांनी घर बांधायला घेतलं होतं, रजनीताईंचे भाऊ तिथे उभं राहून काम करून घ्यायचे. दर रविवारी सकाळी फोन. खिडक्या कोणत्या बाजूला, गच्चीला उतार किती, वरच्या खोलीत ऊन कधी येतं... अशोकराव शाळेसारखे कागदावर नकाशे काढायचे आणि रजनीताई ते खोडायच्या. इथल्या भाड्याच्या घरात त्यांनी धड पडदेसुद्धा लावले नव्हते. ''आता काय, जायचंच आहे,'' असं म्हणत दहा वर्षं काढली. मला हसू यायचं, कारण आम्ही सगळेच तसं म्हणतो आणि कोणी जात नाही. ही दोघं मात्र खरंच जाणार होती. तारीख तेवढी ठरायची होती.

मग एका हिवाळ्यात अशोकरावांच्या उजव्या हातातून कप पडायला लागले. नंतर शब्द पडायला लागले. क्लिनिकमध्ये डोक्याचं चित्र काढलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी ते पडद्यावर लावून ''आल्झो...'' म्हणजे 'तर मग', एवढं म्हणून घसा खाकरला. रजनीताईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. ''मला दिसतंय,'' म्हणाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं तपासलेली बाई, तिला कोणी काय समजावणार? चित्र अगदी स्वच्छ आलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं आणि त्या भयंकर हसल्या.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्हा दोघींना कामासाठी शांघायला जावं लागलं. अशोकरावांपाशी मिलिंद येऊन राहिला. तो तेव्हा शिकत होता. तिथे आमच्याबरोबर काम करणाऱ्या लिनबाईंना घरातलं कळलं होतं. त्या म्हणाल्या, समुद्रात एक बेट आहे, पुतुओ, आमच्याकडचं पवित्र बेट. तिथे करुणेची देवी आहे. जाऊन तिला सांगा, ती ऐकते. मी लगेच म्हटलं, ''यांच्यात नाही हो मागत.'' तर रजनीताई म्हणाल्या, ''जाऊ या.'' 

आधी बस, मग बोट. बोटीत बायका-पुरुष पिवळ्या पिशव्या गळ्यात अडकवून बसलेले, कोणी माळ ओढतंय, कोणी उकडलेले शेंगदाणे खातंय. बेटावर पिवळ्या भिंतींची देवळं, कमळांचं तळं, आणि सगळीकडे उदबत्तीचा असा धूर, की डोळे चुरचुरायला लागावेत. लोक मुठी भरभरून उदबत्त्या पेटवायचे, चारी दिशांना वाकायचे, आणि मग ओठ हलवत मागायचे. मुलगा मागायचे, नोकरी मागायचे, आजाऱ्याला बरं वाटू दे म्हणायचे. भाषा कळत नव्हती तरी मागणं कळत होतं. टेकडीवरच्या देवळाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांवर माणसं थोडं चालून लोटांगण घालत होती, उठत होती, पुन्हा चालत होती. एका म्हातारीच्या कपाळाला माती लागलेली होती आणि तिची सून मागून तिची चप्पल घेऊन चालली होती. मला हे सगळं ओळखीचं होतं. मी तर दोन देवळांत उदबत्तीही लावली, म्हटलं आता आलोच आहोत तर.

रजनीताई प्रत्येक देवळात जायच्या, हात जोडायच्या, हळू आवाजात त्रिशरण म्हणायच्या आणि बाहेर यायच्या. एका छोट्या देवळात एक वृद्ध भिक्षुणी झाडू मारत होती. पाली शब्द कानावर पडल्यावर ती थांबली, आणि झाडू भिंतीला टेकवून यांचं होईपर्यंत हात जोडून उभी राहिली. दोघी एकमेकींना वाकल्या. बाहेर आल्यावर रजनीताई तिथल्या पायरीवर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, ''मेधा, मला मागताच येत नाही. तोंड उघडते नं, तर वंदनाच बाहेर येते. कसं मागतात?''

मी म्हटलं, ''मनातल्या मनात म्हणायचं, हे दे, म्हणजे मी ते देईन.'' तर म्हणाल्या, ''तो तर सौदा झाला.'' मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ''तुमच्यात ते काशीला जाऊन काहीतरी सोडतात नं?'' मी हसले. माझ्या आत्याने काशीला जाऊन कारलं सोडलं होतं, जे तिने जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. आजोबांनी फणस सोडला आणि गऱ्यांना हरकत नाही असं स्वतःच ठरवून दर उन्हाळ्यात चापून खाल्ले. हे सगळं मी त्यांना रंगवून सांगितलं, दोन घटका त्यांचं मन रमावं म्हणून. त्या हसल्या नाहीत. ''पण आवडीचंच सोडायला पाहिजे नं?'' एवढंच म्हणाल्या, आणि उठून पुन्हा त्या देवळात गेल्या. मी बाहेर पायरीवर थांबले.

परतीच्या बोटीवर त्यांनी घरी फोन लावला. पलीकडून अशोकराव मोठ्याने, शब्द शोधत शोधत बोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं. ''काही मागितलं... नाहीस ना?'' ''नाही हो, काही मागितलं नाही,'' रजनीताई म्हणाल्या. फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. ''खोटं नाही बोलले. मागितलं नाही, सोडलं. नागपूर सोडलं. ते घर, परत जाणं, सगळं. आमचं दोघांचं.''

तिथे, त्या बोटीवर, माझा राग सुरू झाला. मी म्हटलं, ''तुम्ही तुमचं सोडा. त्यांचं काहून सोडलं?'' त्यांचाच शब्द माझ्या तोंडात आला. त्या शांतपणे म्हणाल्या, ''माझं एकटीचं असं काही वेगळं होतं कुठे?''

आता जे सांगते ते दैवी आहे असं मी म्हणत नाही, औषधांचाच गुण असणार. पण उन्हाळ्यात अशोकराव सुधारले. नवीन चित्रात मेंदूतल्या गाठीचा डाग वाढलेला नव्हता. हाताला थोडी पकड आली. नदीकाठच्या रस्त्याने ते माझ्या नवऱ्याबरोबर सायकल हातात धरून चालायचे, चालवता येत नसली तरी. आणि चार शब्द नीट जुळायला लागल्याबरोबर ते म्हणाले, ''नागपूर.'' डॉक्टर म्हणाले, जायचं तर आत्ताच जा, पुढचं सांगता येत नाही. रजनीताई म्हणाल्या, नाही. कधी क्रांकनकासंचा, म्हणजे इथल्या आरोग्य विम्याचा, तिथे उपयोग नाही म्हणायच्या, कधी तिकडचा उन्हाळा, कधी विमानातली हवा. एकेक कारण ऐकून मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

मी भांडले. कॅन्टीनमध्ये, त्यांच्या घराच्या जिन्यात, सायकलतळावर. म्हटलं, ''अहो, आमच्यात नवस सगळे करतात आणि तसेच सोडवूनही घेतात. पायी येईन म्हणून बोललेला माणूस शेवटचे चार फर्लांग पायी जातो आणि देव चालवून घेतो. सोन्याचा डोळा बोलून चांदीचा वाहतात. तुम्ही दुसरं काहीतरी सोडा आणि त्यांना घेऊन जा.'' त्या म्हणाल्या, ''मग ते सोडणं कसलं?'' पिढ्यान् पिढ्या देवाशी घासाघीस करत आलेलो आम्ही, आमच्या अंगात पळवाटा मुरलेल्या. या बाईने जन्मात एकदाच, न मागता काही सोडलं, आणि ते मोडता येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. यंत्र तपासावं तसं तिने ते काटेकोर पाळलं. ''आत्ता बरे आहेत नं?'' एकदा जिन्यात माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, ''मग गप्प बस.''

मिलिंदने शेवटी आपणच ठरवलं. तो हांबुर्गहून आला आणि म्हणाला, मी बाबांना घेऊन जातो, मामाने यायची गरज नाही. आईला तो मामा म्हणतो, जर्मन मुलांसारखं. त्याच दुपारी मी अशोकरावांपाशी बसले होते. दुसऱ्या खोलीत मायलेकांचं चाललेलं ऐकू येत होतं. अशोकराव म्हणाले, ''बेटावर... काय झालं?'' मी खिडकीबाहेर पाहायला लागले. ''चीनहून आल्यापासून ती भावाशी घराबद्दल बोलत नाही. खिडकी नाही, गच्ची नाही. म्हणजे काहीतरी...'' शब्द सापडेना, त्यांनी हाताने काहीतरी खाली ठेवल्यासारखं केलं. ते हसले, डाव्या बाजूच्या अर्ध्या तोंडाने. ''गावोगाव भाषणं केली मी. घरातच ऐकलं नाही.''

मी म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग एकेक शब्द पुढे ढकलत म्हणाले, ''मी तिकडे गेलो... आणि मेलो. मरणारच आहे. तर तिला वाटेल, मोडलं म्हणून मेला. मग ती कशी जगेल?'' आणि मला शब्द द्यायला लावला, की हे तिला सांगायचं नाही. थोड्या वेळाने मिलिंद आत आला, तिकिटांचं बोलायला लागला, तर अशोकराव म्हणाले, ''नको. आता नको जायला.'' मिलिंदने दारात उभ्या असलेल्या आईकडे असं पाहिलं, की मला तिथे थांबवेना.

त्यानंतर अशोकरावांनी नागपूरचं नाव काढलं नाही. रजनीताई मला म्हणायच्या, ''विसरले बघ, बरंच झालं, त्रास होत नाही.'' मी विषय बदलायचे. शब्द दिला होता. पानगळ सुरू झाली तेव्हा ते अंथरुणाला खिळले, आणि नाताळचे दिवे लागायच्या आत गेले, इथल्याच क्लिनिकच्या एका स्वच्छ, बिनवासाच्या खोलीत. इथे अस्थी घरी देत नाहीत, कलश सरळ दफनभूमीत जातो. तो गेला. मिलिंद आईशी एक शब्द न बोलता हांबुर्गला परतला. त्याच्या लेखी आईने बाबांना अडकवून ठेवलं होतं, स्वतःच्या भीतीपायी. मी एकदा त्याला समजवायला गेले, तर म्हणाला, ''गेनाऊ, अगदी बरोबर, भीती. तुला पण दिसलं होतं.''

मला वाटलं होतं, आता तरी त्या सुटल्या. महिनाभराने मी म्हटलं, ''रजनीताई, ज्यांच्यासाठी सोडलं तेच राहिले नाहीत. आता जा. भाऊ वाट बघताहेत.'' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अशिष्ट बोलले. ''फळलं नाही म्हणून परत घेऊ? सोडलं तर सोडलं.'' पुढे त्यांची आई गेली, तेव्हाही गेल्या नाहीत. भाऊ फोनवर रडले, मग चिडले, मग त्यांनी फोन करणं कमी केलं. कंपनीत येत राहिल्या, चित्रं तपासत राहिल्या. गणपतीलाही यायच्या, आरतीच्या वेळी मागे जाऊन पानं वाढायच्या, पण बाहेरच्या बाकावर कोणी नसायचं. एकदा मी विचारलं, त्या बेटावर गेल्याचा पश्चात्ताप होतो का? म्हणाल्या, ''नाही. तेव्हा काहीतरी करता आलं. नाहीतर नुसतं बघत बसायचं होतं.'' बाईचं सगळं आयुष्य त्या एका 'काहीतरी'त गेलं. नवरा वाचला नाही, मुलगा तुटला, गाव तुटलं. कोणाचं भलं झालं यात, मला कोणी सांगावं.

गेल्या शनिवारी मिलिंद घर रिकामं करायला आला होता. मी मदतीला गेले. दोघंही गेल्यावर अशोकरावांना दिलेला शब्द आता संपला होता, म्हणून स्वयंपाकघरात बसून मी त्याला सगळं सांगितलं, बेट, बोट, आणि त्या दुपारी त्याचे बाबा काय म्हणाले तेही. तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता, लावतच राहिला. मग म्हणाला, ''उम्झोन्स्ट.'' फुकट गेलं. मी म्हटलं, ''हो रे, फुकट गेलं.'' मला त्याला दुसरं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी चहा टाकला. कपाटं रिकामी झाली होती, पण ओट्यावर चार फरशा तशाच होत्या. नागपूरच्या वरच्या खोलीसाठी भावाने नमुना म्हणून पाठवलेल्या, फिकट पिवळ्या, एकीचा कोपरा उडालेला. रजनीताई त्या गरम भांड्यांखाली ठेवायच्या. ती खोली पुढे बांधून झाली, तिला हीच फरशी लागली असं भाऊ म्हणाले. रजनीताईंनी ती कधी पाहिली नाही.

मिलिंद खोकं सोडून ओट्यापाशी आला. रजनीताईंचा कलश अजून दफनभूमीच्या कार्यालयातच आहे. नागपूरला नेता येतो, तिथे कलश ठेवायच्या जागेचा कागद आणला तर देतात, हे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. म्हणजे त्याच्या मनात होतं. मला वाटलं, तो आता कागदांचं काहीतरी विचारेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा मराठीत विचारलं, अडखळत, लहान मुलासारखं, ''तिला... चालेल का जायला?''

चहा उतू चालला होता. मी पातेलं उचललं, आणि त्याने न बघता एक फरशी पुढे सरकवली.